शेवाळाचा दोष किती?

'वार्षिकांकासाठी लेख द्यावेत' अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा आमच्या वर्गात नेहमीचे विषय निघाले. कोणी हुंड्यावर लिहिणार होते, कोणी बेकारीवर, तर कोणी नाथमहाराजांच्या समाजकार्यावर. मी शेवाळावर लिहिणार असे सांगितले, तेव्हा मैत्रिणी हसल्या. "अगं, आपण आर्ट्सच्या. शेवाळ हा सायन्सवाल्यांचा विषय!" असे एकीने ऐकवलेही. तिचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण शाकुंतलाच्या पहिल्याच अंकात वल्कले नेसलेल्या शकुंतलेला पाहून दुष्यंताला शेवाळाने वेढलेले कमळ आठवते आणि ते तसेही सुंदरच दिसते असे तो म्हणतो. कालिदासाला जे चालले ते आपल्या अंकाला चालायला हरकत नसावी.

शिवाय माझे कारण जरा घरगुती आहे. शेवाळाचे निमित्त करून माझ्या हातून पाच जीव गेले आहेत. त्यातून मला जे कळले ते माझ्या मते माशांच्या पेटीपुरते नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्याकडे माशांची काचेची पेटी आहे, हे वर्गात काही जणींना ठाऊक आहे. ती कोठून आली हे मात्र मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. माझी आई चार घरी धुणीभांडी करते. त्यांपैकी एका घरी ही दोन फूट लांबीची पेटी होती. पाणी हिरवे झाले, काचा बुळबुळीत झाल्या, मासे दिसेनासे झाले. शेवटी घरच्यांनी ती रिकामी करून भंगारवाल्याला द्यायला काढली. आईने ती मागून घेतली आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून डोक्यावरून घरी आणली. दुसऱ्याने टाकून दिलेली वस्तू आपल्या घरात शोभेला ठेवायची, याची मला लाज वाटली होती. ती लाज आज वाटत नाही, म्हणून हे लिहिता येते.

माझे वडील नाथसागरात मासेमारी करतात. आम्ही त्यांना आबा म्हणतो. पेटी पाहून आबा म्हणाले, "मासे इकून तुम्हाला वाढवलं. आता तुम्ही मासे पोसा!" धाकट्या भावाला मात्र स्वर्ग दोन बोटे उरला. डास कमी व्हावेत म्हणून आरोग्य खात्याचे लोक विहिरीत, डबक्यात गप्पी मासे सोडतात. तसले पाच त्याने बरणीतून आणले. दिवाळीच्या साठवलेल्या पैशांतून संभाजीनगरहून दोन गोल्डफिश आणले. असे सात जीव आमच्या एका खोलीच्या घरात राहायला आले.

पहिल्या पंधरवड्यात काचेवर तपकिरी पूड बसल्यासारखी दिसू लागली. पुढे ती गेली आणि हिरवे आले. आधी काचेवर, मग दगडांवर, आणि महिनाभरात पाणीच पालकाच्या पातळ भाजीसारखे झाले. ज्या घराने पेटी टाकली, त्याच घराची अवस्था आमची झाली. मला राग आला. परीक्षा जवळ आली होती, पाहुणे येणार होते. एका रविवारी मी मासे बादलीत काढले, सगळे पाणी ओतून दिले, वाळू, दगड, पंपाचा स्पंज गरम पाण्याने आणि कपड्याच्या सोड्याने खसाखसा धुतला, काचा घासल्या, नळाचे ताजे पाणी भरले आणि मासे परत सोडले. पेटी आरशासारखी लखलखीत झाली. आईनेही कौतुक केले.

तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. आठवड्यात दोन्ही गोल्डफिश आणि तीन गप्पी मेले. भावाने मला काही म्हटले नाही. त्याने बोलणे मात्र बंद केले. तो अबोला मला शिव्यांपेक्षा जड गेला.

मी काय केले होते, हे मला नंतर कळले. आपल्या ग्रंथालयात मत्स्यशेतीवर एक जुने पुस्तक आहे. ते वाचले, मोबाइलवर शोधले, विज्ञान शाखेच्या एका सरांना विचारले. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा असतो. वाळूत आणि स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र त्या मानाने निरुपद्रवी असते. हे जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत, आणि नव्या पेटीत त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी सोड्याने धुतले ते मुख्यतः हे जिवाणू. वर नळाच्या पाण्यातले क्लोरीन. शेवाळाने एकही मासा मारला नव्हता. मारले ते माझ्या स्वच्छतेने.

येथे माझ्या मुद्द्याला सुरुवात होते. शेवाळ दिसले की आपण तीन गोष्टी करतो: घासून काढतो, औषध टाकतो, नाही तर पेटीच टाकून देतो. तिन्हींत एक गोष्ट समान आहे. हे कोणते शेवाळ आहे आणि ते कशावर जगते आहे, हा प्रश्न आपण विचारलेला नसतो.

कारण शेवाळ एक नसते. नव्या पेटीत येणारी तपकिरी पूड म्हणजे डायटम. ती बोटाने पुसली जाते आणि बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. तिला घाबरण्याचे कारण नाही. काचेवर हिरवी साय धरते ती फडक्याने निघते. कडक हिरवे ठिपके बसतात ते दाढीच्या पात्याने खरवडावे लागतात. हिरवे धागे किंवा केस वाढले तर जुन्या दात घासायच्या ब्रशला शेवयांसारखे गुंडाळून काढता येतात. पानांच्या कडेला काळ्या दाढीसारखे झुपके येतात. गंमत म्हणजे ते दिसते काळे, पण असते लाल शेवाळाच्या कुळातले. ते फार चिवट; लागण झालेले पान कापून टाकणे बरे. सगळे पाणीच हिरवे होते, तेव्हा त्यात एकपेशीय शेवाळ तरंगत असते. पाणी बदलून ते जात नाही, कारण मागे उरलेल्या थोड्या पेशी पुन्हा भराभर वाढतात. त्याला तीन-चार दिवसांचा पूर्ण अंधार लागतो.

आणि निळसर हिरवी, बुळबुळीत, कुबट वासाची साय वाळूवर चादरीसारखी पसरली असेल आणि धरून ओढली की सलग निघत असेल, तर ते खरे शेवाळच नव्हे. ते जिवाणू आहेत. आपण सवयीने त्यांना निळे-हिरवे शेवाळ म्हणतो. गोगलगाय त्याला सहसा तोंड लावत नाही. ते नळीने ओढून काढावे, तळ साफ ठेवावा, पाणी खेळते ठेवावे. पण त्याला हलके लेखू नये. पृथ्वीच्या हवेत सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी प्राणवायू साठू लागला तो याच्याच पूर्वजांच्या कृपेने. आपण श्वास घेतो त्याचे थोडे ऋण या कुबट सायीकडेही आहे.

सहा प्रकारांना सहा निरनिराळे उपाय असले, तरी मूळ खाद्य बहुतेकांचे एकच असते: जास्तीचा प्रकाश आणि पाण्यात साठलेले जास्तीचे अन्न. आमच्या घरी ही दोन्ही मुबलक होती. अन्नाची गोष्ट सोपी होती. येणारा प्रत्येक पाहुणा माशांना चिमूटभर खाद्य टाकत असे, भाऊ तीन वेळा टाकत असे. आबा एकदा म्हणाले होतेच, "कामून एवढं घालती त्यांला? पंगत बसवली का?" मी ऐकले नाही. मासा दोन मिनिटांत खाऊन संपवील तेवढेच, दिवसातून एकदा, हा नियम मी पाच मासे गेल्यावर शिकले.

प्रकाशाची गोष्ट सांगताना मात्र मला संकोच होतो. आमच्या एका खोलीत रात्री सगळे निजल्यावर मोठा दिवा लावता येत नाही. आबांना पहाटे तीनला उठून पाण्यावर जायचे असते. पेटीच्या झाकणात लहानसा दिवा होता. त्या दिव्याच्या उजेडात मी रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसत असे. दिवसभर दाराचे ऊन आणि रात्री माझा अभ्यास, मिळून सोळा-सतरा तास पेटीवर उजेड पडत होता. सहा ते आठ तास पुरेत, असे जाणकार सांगतात. म्हणजे ते हिरवे पाणी माझ्या बी.ए.चेच होते म्हणायचे! घराण्यात पहिल्यांदा कोणी महाविद्यालयाची पायरी चढते, तेव्हा त्याचा भार घरातल्या कोणाकोणावर पडतो, याचा हिशोब आपण ठेवत नाही. आमच्या घरी तो माशांवरही पडला.

उपाय काही खर्चाचा निघाला नाही. पेटी दारापासून आतल्या भिंतीकडे सरकवली. पाणी हिरवे झाले होते, म्हणून चार दिवस आईच्या जाड गोधडीने पेटी झाकली, हवेचा पंप चालू ठेवला, खाद्य बंद. त्या चार रात्री मी रस्त्यावरच्या दिव्याखाली पायरीवर बसून वाचले. पाचव्या दिवशी गोधडी काढली, तेव्हा पलीकडची भिंत दिसत होती. आता दिवसा पेटीवर कापड असते आणि दिवा संध्याकाळी सहा ते रात्री एक. सात तास. माशांचेही भागते, माझेही. दर रविवारी एक बादली, म्हणजे साधारण चौथा हिस्सा पाणी काढते आणि रात्रभर उघडे ठेवलेले पाणी भरते. स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने पिळते. ते पाणी आई दारच्या आळूला आणि तुळशीला घालते. ज्या नायट्रेटने शेवाळ पोसले, त्यानेच आता आळू पोसते आहे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? बाजारात औषध मिळते, चार थेंबांत काम होते. मीही बाटली पाहिली होती; तिची किंमत आईच्या दोन दिवसांच्या कामाइतकी होती. पण किंमत सोडा. तांबे असलेली औषधे गोगलगाई आणि कोळंबी मारतात. एकदम मेलेले शेवाळ पाण्यात कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते, आणि त्यातले अन्न पुन्हा पाण्यातच उतरते. म्हणजे पुढच्या शेवाळाची पेरणी आपणच करून ठेवतो. औषध कधीच वापरू नये, असा माझा हट्ट नाही. कारण दूर केल्यावर, शेवटचा उपाय म्हणून, जाणकाराला विचारून वापरावे. आपण मात्र ते पहिल्यांदा वापरतो, कारण औषध ओतताना आपली सवय बदलावी लागत नाही.

या बाबतीत आपण आजच चुकतो असेही नाही. १८४९ साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि फितीसारख्या पानांची व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवून पाहिली. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, माशांनी तिला खत द्यावे, असा त्याचा हिशोब. पण जुनी पाने कुजू लागली, काचेवर हिरवा थर धरला, पाणी गढूळ झाले. त्याने भांडे फेकले नाही की औषध ओतले नाही. तळ्यात असे कोण साफ करते, याचा विचार केला आणि तळ्यातल्या काही गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजके आणि बुळबुळीत खाऊन टाकले. १८५० साली त्याने हा प्रयोग प्रसिद्ध केला.

हे मी आबांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "ह्यात काय नवल? धरणाच्या कडंला बघ की." दुसऱ्या दिवशी त्यांनी हायड्रिलाच्या चार काड्या आणि सहा गोगलगाई आणल्या. मी त्या आठवडाभर बरणीत वेगळ्या ठेवून मग पेटीत सोडल्या. लंडनच्या शास्त्रज्ञाला जे शोधावे लागले, ते माझ्या निरक्षर वडिलांना पाहून ठाऊक होते. का, ते मात्र त्यांना सांगता येत नव्हते; ते पुस्तकात होते. दोन्हींची गाठ आमच्या घरात पडली, याचा मला परीक्षेतल्या गुणांपेक्षा अधिक आनंद झाला.

आबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. शेततळ्यात मासे पाळणारे लोक पाणी हिरवे व्हावे म्हणून मुद्दाम शेण टाकतात. त्या हिरव्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांवर मासे. मात्र कोपरापर्यंत हात बुडवल्यावर तळवा दिसेनासा झाला, की शेण थांबवायचे. कारण दिवसा प्राणवायू देणारे तेच शेवाळ रात्री प्राणवायू खाते, आणि पहाटे मासे वर तोंड काढतात. तळ्यात जी दौलत, तीच पेटीत घाण. आणि तळ्यातही प्रमाण सुटले की संकट. तेव्हा हिरवा रंग चांगला की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. किती, कोठे आणि कशामुळे, हे विचारले पाहिजे.

लोणारच्या सरोवराचे उदाहरण ताजे आहे. त्या खाऱ्या पाण्याला एरवी जी हिरवट झाक असते ती निळ्या-हिरव्या शेवाळामुळे. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झाले. तऱ्हेतऱ्हेचे तर्क निघाले. पण पाण्याचे नमुने घेऊन ते तपासले गेले. पाणी आटून खारटपणा वाढल्याने मीठ मानवणारे सूक्ष्म जीव बळावले होते आणि तो रंग त्यांचा होता, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसले. रंगावरून भांडण्यापेक्षा रंग वाचावा, हे शहाणपण मला तेथे दिसते.

आपण तर नाथसागराच्या काठी राहतो. या धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी बसवली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. वरच्या अंगाची शेते, गावे आणि शहरे यांतून जे वाहते ते गोदावरीबरोबर खाली येते. शेतातले खत, गटारातले पाणी, घाटावरचे निर्माल्य, दशक्रियेचा भात, माशांना पुण्य म्हणून टाकलेले कणकेचे गोळे: हे सारे पाण्याच्या दृष्टीने अन्नच. आपली श्रद्धा खोटी आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. माझा भाऊही माशांना खाद्य टाकत होता ते प्रेमानेच. परंतु प्रेमाने टाकलेले अन्नही पाण्यात साठतेच, आणि नदीचे पाणी दर रविवारी बादलीने बदलता येत नाही.

नाथांच्या वाड्यातला रांजण आपण सर्वांनी पाहिला आहे. श्रीखंड्याच्या रूपाने साक्षात देवाने बारा वर्षे नाथांच्या घरी पाणी भरले, अशी श्रद्धा आहे. षष्ठीला दुरून आलेले लोक त्या रांजणात आपली घागर रिती करतात. पाणी भरणे हे ज्या गावात देवाचे काम मानले जाते, त्या गावात पाण्याचा रंग ओळखणे हे निदान विद्यार्थ्यांचे काम मानायला हवे. त्यासाठी विज्ञान शाखेचा प्रवेश लागत नाही. घाटावर जाऊन एक पांढरी बाटली भरावी, उजेडात धरावी, रंग आणि वास वहीत टिपावा. वर्षभर दर महिन्याला कोणी हे केले, तर पुढच्या वार्षिकांकात त्यावर माझ्यापेक्षा चांगला लेख येईल.

आमच्या पेटीत आज अकरा गप्पी आहेत. उरलेल्या दोघांचा संसार वाढला. भाऊ बोलू लागला आहे. परवा पेटी टाकून देणाऱ्या घरच्या बाईंनी आईजवळ चौकशी केली, "ती पेटी साफ कशी केली गं तुम्ही?" आईने उत्तर दिले, "साफ नाही केली बाई. खायला कमी घातलं."

मागच्या काचेवर हिरव्याचा एक पट्टा मी मुद्दाम ठेवला आहे. गप्पीची पिले दिवसभर तेथे टोचत असतात. पाहुणे विचारतात, "एवढं राहिलं का गं पुसायचं?" मी नाही म्हणते.

(द्वितीय वर्ष, कला)